लाथेआधीचा नमस्कार

कुणाला पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा अन् तो हात आपल्या छातीला न्यायचा. आपल्याकडं कोण करत नाही? पण ज्युदोत ह्या सवयीनं माझा घात केला. कंधारच्या शाळेत सर एकच डाव घोटून घ्यायचे. समोरच्या पोरीची कॉलर आणि बाही धरायची, तिला मागं झुकवायचं आणि आपल्या पायानं तिचा पाय मागून उडवायचा. ती पडताना बाही सोडायची नाही, म्हणजे तिला लागत नाही. माझा पाय बरोबर बसायचा, अन् ऐन वेळी मी बाही सोडून नमस्कार करत उभी. पोरी हसून लोळायच्या.

सर वैतागले. "दिवाळीनंतर लातूरला निवड हाय. तिथंबी पाया पडत बसणार का?" निवड झाली तर लातूरला राहून शिकायचं, नाही तर खेळ बंद, असं घरी ठरलेलं. मला रडूच यायचं.

मायनं ऐकून घेतलं. रानात जाताना बाया साडीवर घालतात तसा बाबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट तिनं चढवला, आणि खळ्यात सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगाला पाठ करून उभी राहिली.

"पाड मला."

"माय, तुला लाथ कशी मारू?"

"एकदाच पाया पडून घे. मग दिवस बुडेपर्यंत मार. समद्या लाथा त्यातच धरल्या."

मी पाया पडले. उन्हं कलली होती, भुसकटाची धूळ पिवळ्या उजेडात तरंगत होती. मी तिला झुकवलं, पाय घातला, आणि बाहीवरचा हात जागचा हलला नाही. माय क्षणभर जमिनीवर नव्हतीच. मग भुसकटात रुतली आणि डोळे मिटून तशीच पडून राहिली.

"लागलं का गं?"

"न्हाई. लई बरं वाटायलंय. पाड अजून."

त्या दिवसांतलं मला दुसरं काही आठवत नाही. तो उजेड, अंगाला सुटलेली खाज, आणि परत परत हवेत जाणारी, हसणारी माय. एवढं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

लातूरला लढतीआधी दोघींनी एकमेकींपुढं वाकायचं असतं. वाकले तेव्हा वाटलं, हा तर मायचाच नमस्कार. पुढं हात खाली गेला नाही. निवड झाली.

निघायच्या दिवशी बस स्टँडवर मी तिच्या पाया पडले. तिनं मला उठवलं आणि माझी बाही धरली, खळ्यात मी तिची धरायचे तशी, घट्ट मूठ करून. कंडक्टरनं घंटी दिली. मग पुन्हा दिली. माय बसकडं बघत होती, पण मूठ काही सुटत नव्हती. शेवटी मीच तिचं एकेक बोट सोडवलं.