वाढलेले चार मिलिमीटर

आमच्या ऑफिसात तिला सगळे मिलिमीटरबाई म्हणायचे. टॅबलेटची बाहेरची चौकट किती लांब, रुंद, जाड ठेवायची याचं चित्र तिच्या सहीशिवाय कारखान्यात जात नसे. "ही फुटपट्टी घेऊनच जन्माला आली," अशी आम्ही थट्टा करायचो. तीही हसायची.

तिच्या दादाची तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने वाचा गेली. उजवीकडचं नीट दिसेना, हात थरथरू लागला. आमच्याच टॅबलेटवर बसणारी प्लास्टिकची एक जाळी तिने शोधून आणली. प्रत्येक अक्षरावर एक भोक. बोट भोकात टेकलं की अक्षर उमटायचं आणि टॅबलेट बोलायचा. दादाला न बघता टाइप करण्याची सवय झाली आणि त्याचा जुना खवचटपणा परतला. "हा चहा की कप विसळलेलं पाणी?" तो वहिनीला विचारायचा. ती खोटंखोटं रागवायची.

मग नव्या मॉडेलची बैठक झाली. जुन्या मापाची काच मिळणं बंद होणार होतं. नवी चार मिलिमीटरने जास्त रुंद होती.

"बाहेरचं माप तेच ठेवता येणार नाही?" तिने विचारलं. "जुनी कव्हरं, कीबोर्ड, जाळ्या... काहीच बसणार नाही."

"कव्हरवाल्यांना मापं आधीच देऊ," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "पण तूच सांग, ही काच जुन्या चौकटीत कुठे कोंबू?"

ती कुठेच बसणार नाही, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने सही केली.

वर्षभराने दादाच्या टॅबलेटची बॅटरी फुगली आणि काच उचलली गेली. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. जाळीवाल्यांनी तर धंदाच गुंडाळला होता. तिने नव्या मॉडेलसाठी आमच्याच वर्कशॉपमध्ये जाळी कापून घेतली. केसाचाही फरक नाही, इतकी नेमकी बसली.

रविवारी सकाळी तिने ती बसवलेला नवा टॅबलेट दादापुढे ठेवला. त्याचं बोट सवयीने गेलं आणि दोन भोकांमधल्या प्लास्टिकवर आपटलं. पुन्हा गेलं, पुन्हा आपटलं. रुंद पडद्यावर अक्षरं पसरली होती, ती जवळ आणायची सोय नव्हती.

"होईल हळूहळू सवय," ती म्हणाली.

टॅबलेट काहीतरी अगम्य बरळला. दादाने तो मनगटाने बाजूला लोटला.

महिनाभर ती रोज ऑफिस सुटल्यावर जायची, त्याचं बोट धरून गिरवून घ्यायची. आधी तो चिडायचा. नंतर चिडणंही सोडलं. हात तिच्या हातात नुसता देऊन ठेवायचा.

परवा मी तिच्याबरोबर गेलो होतो. टॅबलेट कपाटावर होता. वहिनी विचारत होती, "पाणी हवंय? पंखा लावू? कूस बदलायची?"

तिन्ही प्रश्नांना दादाने सारखीच मान हलवली. मिलिमीटरबाईने उठून पंखा लावला. तो हवा होता की नाही, कुणालाच कळलं नाही.