सरूच्या यंत्रासाठी पिशोरहून विद्यापीठाच्या लायब्ररीत

सरू म्हणली, "आज्जी, चल, लायब्ररी दाखवते," आन् मी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी! सरू माझी नात, विद्यापीठात शिकती. तिनं अद्रक धुवायचं यंत्र काढलंय. सायकलच्या पायडलवर फिरणारा जाळीचा ड्रम, आत काथ्याचे ब्रश. माती निघती, साल जात नाय. त्याचं पेटंट काढायचं होतं, म्हंजे हे सरूनंच काढलं असा सरकारी कागद. तो असंल तरच वाळूजचा एक कारखानदार तिच्यासंगं धंदा करणार होता.

पिशोरहून सकाळचीच एसटी धरा. बायांना अर्धं तिकीट, माझ्या वयाला फुकट. खिडकी सोडू नका. शहरात उतरून गुलमंडीवर इमरती खाल्ली. गरमच मागा, गार झाली की चिवट लागती. तिथं लुगड्यांच्या दुकानात मी शिरतच होते, सरूनं ओढून रिक्षात घातलं.

रिक्षावाला म्हणला, "अम्मा, इस उमर में कॉलेज?"

"व्हय, नाव घालाय चालले," म्हणले.

लायब्ररी लई गार, लई शांत. एवढी पुस्तकं मी जन्मात बघितली नव्हती. पण पुस्तकांच्या घरात यंत्राचं काय काम? तिथल्या मॅडमनी समजावलं, "आजी, नवं काढायच्या आधी जगात कुणी काढलंय का ते बघावं लागतं. ते शोधून द्यायचं काम आमचं."

मग त्या आन् सरू कॉम्प्युटरला बसल्या. लई येळानं मॅडम हसल्या. "सरू, असं कुठंच नाही गं!"

मी टाळीच वाजवली. सगळी पोरं बघाय लागली.

"अजून कुणाला दाखवलं नाही ना?" मॅडमनी विचारलं.

सरू बोलायच्या आधी मीच बोलले. "नाय कसं? नवं औजार आलं की कुंकू लावून, नारळ फोडून गावासमोर चालवायची आमच्यात रीतच हाय. भर बाजारात चालवलं! पार तालुक्याहून, कन्नडहून आलेले लोक व्हिडिओ काढून गेले."

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी सरूकडं बघितलं. "आधी इकडं यायचं गं. उघड्यावर दाखवलं की कागद मिळणं अवघड. आता ते सगळ्यांचं झालं."

"काहीच करता येत नाही?" सरूनं विचारलं.

त्यांनी अजून दोन ठिकाणी फोन लावले. तिकडून बी तेच.

येताना एसटीत सरू खिडकीबाहेर बघत बसली. मी शेंगा दिल्या, तिनं घेतल्या नाय.

आता येऊन आठ दिस झाले. लायब्ररी मला लई आवडली, तुमी बी जा. पोरांनी काही काढलं तर आधी तिथं न्या, नारळ मग फोडा. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

काल शेजारचा बबन आला, लोहाराकडून तसंच यंत्र करून घ्यायचं म्हणून. ड्रमला मोजायचा टेप लावला, पण एकट्याला जमंना.

"सरूताई, धर की जरा."

सरू उठली, टेपचं दुसरं टोक धरलं, आन् माप बी तिनंच वाचून दिलं.