एकेचाळीस वह्या, एकच उत्तर

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना, मार्चमधल्या एका मंगळवारी, संख्याशास्त्राच्या सरांनी माझ्या प्रात्यक्षिक वहीतल्या सातव्या प्रयोगावर सही केली नाही. शनिवारपर्यंत सगळ्या प्रयोगांवर सही नसेल तर वहीला दाखला मिळत नव्हता. दाखल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नव्हतं.

सातवा प्रयोग नमुना काढण्याचा होता. पुस्तकात पन्नास शेतांचं ज्वारीचं उत्पादन दिलं होतं. पुस्तकाच्या शेवटी रँडम टेबल, म्हणजे कसल्याही क्रमाशिवाय छापलेल्या आकड्यांचा तक्ता होता; त्यावर कुठेही बोट ठेवून दहा शेतं निवडायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिच्यावरून पन्नासांचा अंदाज बांधायचा. वर्गात आम्ही बेचाळीस जण होतो. एकेचाळीस वह्यांत तीच दहा शेतं होती आणि तीच सरासरी. सगळ्यांनी मागच्या वर्षीच्या एका मुलीची वही उतरवली होती. तिने कुणाची उतरवली होती, ते कळलं नाही.

माझ्या वहीत शेतांऐवजी विड्या होत्या.

आम्ही कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत राहायचो. आई दिवसाला हजार विड्या वळायची, पंचवीसची चाळीस बंडलं बांधायची आणि सकाळी शेअर रिक्षाने कारखान्याच्या शाखेत पोचवायची. तिथला तपासनीस टोपलीतली वरची दोन बंडलं फोडायचा. त्या पन्नासांत पाच नापास निघाल्या की हजारातल्या शंभर बाद. नापास विडीला छाट म्हणतात.

एका सकाळी मी आईला एक रिक्षा सोडायला लावली. चाळीस बंडलांना नंबर दिले, रँडम टेबलवरून आठ निवडली आणि तपासनिसाच्या कसोटीने आईकडूनच तपासून घेतली. दोनशे विड्यांत सहा छाट निघाल्या, म्हणजे शंभराला तीन. मग वरची दोन बंडलं वेगळी फोडली. पन्नासांत पाच.

"ती शेवटची की," आई म्हणाली. "रिक्षावाला हॉर्न वाजवाय लागला की हात नुसता पळतोय."

हे सगळं मी वहीत लिहिलं होतं.

सरांनी पान उलटून पाहिलं. "शेतं कुठायत?"

"सर, पद्धत तीच आहे. डेटा घरचा आहे."

"घरचं जेवण आणायचं डब्यात. डेटा पुस्तकातला. माझ्याकडे उत्तर लिहिलेलं आहे, त्याच्याशी तुझं जुळत नाही. शनिवारपर्यंत परत लिहून आण."

बाहेर आल्यावर मैत्रिणीने तिची वही पुढे केली. "अर्ध्या तासाचं काम हाय. बघून लिही की, काय जातंय तुझं?"

मी वही घेतली नाही.

गुरुवारी शाखेला सुट्टी होती. बुधवारचा माल घरातच होता. आईला विचारलं. "ने," ती म्हणाली. "पण फोडशील ती तूच बांधायची. आणि कमी आली एक जरी, तर बघ."

कॉलेजच्या फाटकावर तंबाखूबंदीची पाटी होती. प्रयोगशाळेच्या दाराशी शिपायाने टोपलीवरचं फडकं उचललं.

"ओ ताई, विडी चालत न्हाय हितं."

"ओढायला नाही, मोजायला आणल्यात."

"मोजून कोण ओढतंय?"

आत प्रात्यक्षिक चालू होतं. मी टोपली सरांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"समष्टी, सर. अख्खा माल. बंडलांना एक ते चाळीस नंबर टाकलेत. नमुना तुम्ही काढा."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं, रँडम टेबलवर बोट ठेवलं आणि आठ आकडे वाचले. मी कसोटी सांगितली: तोंड उघडं, पान फाटलेलं किंवा दोरा सैल असेल तर छाट. त्यांनी आठही बंडलं स्वतः तपासली. दोनशेत नऊ छाट निघाल्या. मी त्या विड्या जागच्या जागी ठेवल्या आणि मैत्रिणीला त्याच चाळीसांतून पुन्हा आठ काढायला सांगितलं. तिला पाच मिळाल्या.

"बघ," सर म्हणाले. "माझं नऊ, हिचं पाच. जुळलं का?"

"जुळायला नकोच, सर. नमुना बदलला की उत्तर बदलतं. तुम्हीच शिकवलंय." मी टेबलाच्या कोपऱ्यावरच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "एकेचाळीस जणांनी रँडम टेबल वापरलं आणि एकेचाळिसांना तीच दहा शेतं मिळाली. याची संभाव्यता किती, तेवढं सांगा. मी आत्ता शेतं लिहून देते."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ए बाई, आम्हाला कशाला मारतेस?"

सर पुढे काय बोलले, ते मला नक्की आठवत नाही. ते हसले, असं मैत्रीण अजून सांगते. मी ते पाहिलं नाही, कारण मी विड्या गोळा करत होते. त्यांनी माझी वही मागितली, 'डेटा पुस्तकाबाहेरचा' असा लाल शेरा लिहिला, दहापैकी सहा गुण दिले आणि खाली सही केली. बाकीच्यांना त्या प्रयोगाला आठ होते. त्यांच्या वह्या परत लिहायला लावल्या नाहीत.

घरी जाऊन मी फोडलेली बंडलं बांधली. हजार भरल्या.

शुक्रवारी सकाळी मी आईबरोबर शाखेत गेले. तपासनिसाने हात पुढे केला तेव्हा आईने टोपलीवर तळहात ठेवला.

"वरची न्हाय, अण्णा. मधली घ्या."

"इतकी वर्षं वरचीच घेतोय की मी."

"म्हणूनच सांगतेय."

"मागं लाईन हाय, बाई."

"थांबतो आमी," मागची बाई म्हणाली. "घेऊ दे मधली. मग माझी पण मधली घ्यायची."

तपासनिसाने एक बंडल वरचं घेतलं, एक मधलं. वरच्यात दोन छाट निघाल्या. मधल्यात एकही निघाली नाही. हजारातल्या चाळीसच बाद झाल्या.