थापा साहेबांच्या, नाव ताईचं

ऑफिसात तिला सगळे 'बोलकी' म्हणत, कारण ती तोंड म्हणून उघडायची नाही. काम मात्र बोलण्याचंच. गेम बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत खेळाडूंच्या तक्रारींना तिनेच उत्तरं द्यायची. खेळाडू तिला ताई म्हणत.

नवं अपडेट आलं आणि गेम अडकायला लागला. ऐन लढाईत चित्र थिजायचं, आणि परत हलेपर्यंत खेळाडू मेलेला असायचा. लोक भडकले. साहेब म्हणाले, "लिही, शुक्रवारपर्यंत होईल." तिने लिहिलं. शुक्रवार कोरडाच गेला. "लिही, पुढच्या आठवड्यात." तेही लिहिलं. थापा साहेबांच्या, पण खाली नाव तिचं. ताईची 'थापाडी' झाली.

शिव्या एव्हाना तिच्या अंगवळणी पडल्या होत्या. पण एका दुपारी डबा खाताना तिने फोन पाहिला आणि घास हातातच राहिला. कुणीतरी तिच्या इमारतीच्या फाटकाचा फोटो टाकला होता. वर बाल्कनीत तिचीच चौकडीची चादर वाळत होती. खाली लिहिलं होतं, 'ताई इथे राहतात. आता समोरासमोरच विचारू.'

घरी बाबा एकटे. त्यांना ऐकू कमी यायचं. बेल कळत नाही म्हणून ते दाराला कडीच लावत नसत. फोन त्यांनी उचलला नाही. ती डबा तसाच टाकून निघाली. घरी पोचली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं.

बाबा खुर्चीत बसून नखं कापत होते.

"आज लवकर?" ते म्हणाले. "एक मुलगा येऊन गेला तुझ्याकडे. पाणी दिलं त्याला. भला वाटला."

"काय म्हणाला?" ती ओरडूनच बोलली.

"मला कुठं ऐकू येतंय? मी आपली मान हलवली."

तिने तडक पोलिसांत तक्रार दिली, बाबांना बहिणीकडे नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब म्हणाले, "पोरं आहेत, मनावर घेऊ नकोस." ती प्रोग्रामरच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"खरं सांग, कारण सापडलंय?"

त्याने मान खाली घातली. "नाही. जुन्या मशीनवर जास्त होतंय, एवढंच कळलंय."

त्या दिवशी तिने कुणालाही न विचारता लिहिलं. 'कारण आम्हाला अजून कळलेलं नाही. तारखा दिल्या त्या चुकीच्या होत्या. कुठल्या मशीनवर, कुठे अडकतं ते सांगा. आणि माझ्या घरी आलात, तिथे माझे म्हातारे वडील असतात. मला भीती वाटते.'

साहेबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. काही जणांनी खिल्ली उडवली. पण बऱ्याच जणांनी नीट माहिती पाठवली, आणि त्या माहितीच्या आधाराने प्रोग्रामरला दोष सापडला. गेम सुरळीत झाला, लोक पुन्हा ताई म्हणू लागले.

फोटो टाकणाऱ्याने खातं बंद केलं होतं. तो कोण, हे पोलिसांनाही कळलं नाही. घरी आलेला मुलगा तोच होता का, हेही नाही.

परवा बसमध्ये समोरचा तरुण तिच्याकडे पाहून ओळखीचं हसला. तिचा स्टॉप अजून लांब होता. ती उठली, आणि बस थांबली तिथेच उतरून गेली.