येतो म्हणा

भूतबित मी कधी मानलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझी सासू पिंपळाखालून जाताना डोक्यावर पदर घ्यायची आणि मी त्याच पिंपळाखाली बसून शेंगा खायची. तरीही हे घडलं... माझ्या या दोन कानांनी ऐकलं.

गोष्ट पन्नास-साठच्या दरम्यानची. तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, गडचिरोली वेगळं झालं नव्हतं. बल्लारपुरात कागदाच्या कारखान्यासाठी कुठून कुठून माणसं येत होती आणि राहायला जागा मिळत नव्हती. माझ्या नवऱ्यानं हे बरोबर हेरलं. स्टेशनापलीकडच्या आमच्या जागेवर त्यांनी चार रूम काढल्या — मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर. माझे दागिने त्यातच गेले. "म्हातारपणी बसून भाडं खाऊ," म्हणायचे.

म्हातारपण कुठलं! बांबूच्या तोडीवर मुकादम म्हणून एटापल्लीकडे गेले आणि तिकडेच हिवतापानं गेले. तिकडच्या तिकडे जाळलं, मी तोंडही पाहिलं नाही. पदरात तान्ही शेवंता, आणि त्या चार रूम. एकीत आम्ही मायलेकी राहायचो, तीन भाड्यानं.

माझे थोरले भाऊ, वासुदेवदादा, सगळं बघायचे. भाडेकरू तेच आणायचे, पावसाआधी कवेलू तेच फेरायचे. बाप गेल्यावर मला त्यांनीच वाढवलेलं. मी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते.

मग शेवटच्या रूममध्ये माणसं टिकेनात. एक बिऱ्हाड गेलं, दुसरं गेलं. दादा खाली मान घालून म्हणाले, "बाई, कसं सांगू तुले... आमचे जावई, शेवंताचे बाबा, तिथं येऊन राह्यले. लोकाईले आवाज येते." मला रडूच फुटलं. गावभर बोभाटा झाला आणि बाकीच्या दोन रूमही सुटल्या. आम्ही दोघी खाणार काय? दादा म्हणाले, "एक गिऱ्हाईक आहे. रजिस्ट्री करून टाक, अन् पोरीले घेऊन माह्याकडे ये. मी आहो ना."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी चांद्याला जायचं ठरलं.

त्या दुपारी बाजारात नरसम्मा भेटली — सिरोंचाकडची, फिटरची बायको, सगळ्यात आधी रूम सोडून गेलेली. मी विचारलं, "काय म्हणत होते गं ते?"

"दिवे लावायच्या टायमाले आवाज येते, बाई. 'शेवंताच्या माय, येतो वो.' बस, येवढंच."

मी बाजार अर्धाच टाकून घरी आले.

आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. पण त्या शेवटच्या सकाळी हे ट्रकवर चढता चढता 'जातो वो' म्हणाले. मी ओरडले, "अवो, येतो म्हणा!" ते नुसते हसले आणि ट्रक सुटला. हे मी जगात कोणाला सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार? मग हा 'येतो' म्हणणारा कोण?

सांजेला शेवंताला शेजारणीकडे ठेवलं आणि त्या रूममध्ये जाऊन बसले. दिवा लावला नाही. थोड्या वेळानं मागच्या झरोक्यातून घोगरा आवाज आला, "शेवंताच्या माय... येतो वो." मी बाहेर आले, दाराला कडी घातली आणि मागं गेले.

झरोक्याखाली दादा उकिडवे बसले होते. खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरलेला.

"बाई... तुह्याच भल्यासाठी—"

"माह्या मेलेल्या माणसाचा आवाज काढता? लाज नाई वाटत? गिऱ्हाईक कोण आहे, सांगा!"

त्यांनी तोंडावरचा दुपट्टा काढून हातात घेतला आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. गिऱ्हाईक ते स्वतःच होते. परक्यानं लुटलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली होती हो!

तेवढ्यात झरोक्यातून, आतून, आवाज आला.

"जातो वो."

ट्रकवरून आला होता तसाच, घाईतला. दादा माझ्यासमोर होते, त्यांचे ओठ मिटलेले होते. त्यांनीही ऐकलं — दुपट्टा हातातून गळून पडला.

"येतो म्हणा," माझ्या तोंडून निघून गेलं. जाऊन कडी काढली, तर रूम रिकामी.

रूम मी विकल्या नाहीत. नरसम्माला मीच परत आणलं, मागोमाग बाकीचे आले आणि त्या भाड्यावर शेवंता शिकली. लोक म्हणतात, मनाचे खेळ असतील. असतील बापा! मग दादांचा दुपट्टा काऊन पडला?

दादांचं सांगायचं राहिलंच. ते उठले, फाटकापर्यंत गेले आणि सवयीनं म्हणाले, "येतो, बाई."

"नाई," मी म्हटलं. "तुम्ही जातो म्हणा."

म्हणाले. पुन्हा आले नाहीत, मीही बोलावलं नाही. तेव्हापासून भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते.