आईच्या फोनमधली मराठी

मी नोकरीला होते त्या कंपनीचं ॲप पालेभाजी बाजारात न्यायला गाडी बोलवायचं होतं. भाजी कोणती, जुड्या किती, गाडी कधी हवी, एवढं शेतकऱ्याने फोनवर भरायचं की गाडी थेट बांधावर. ऑफिस अंबडला, कारखान्यांच्या शेजारी. आमचं घर मखमलाबादकडे, कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यांना लागून. त्या ॲपमधली सगळी मराठी मी लिहिली होती. एकच लांबलचक फाइल, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. अडले की आईला विचारायचे. बंडलला काय म्हणू, असं विचारलं तेव्हा ती माझ्याकडे परगावच्या पाहुणीकडे बघावं तसं बघत राहिली. "जुडी. दुसरं काय म्हनत्यात?"

वडील गेल्यापासून आमचा माल काकांच्या टेंपोतून जायचा. काका म्हणजे आईचे दीर, शेजारीच राहतात. माणूस वाईट नाही, पण टेंपो त्यांच्या मर्जीने निघायचा, आणि ती मर्जी कळेपर्यंत आईने त्यांच्या ओट्याखाली उभं राहायचं. ॲप आलं, तिने चष्मा लावला, एकेक शब्द मोठ्याने वाचला आणि 'गाडी बोलवा' दाबलं. गाडी आली. तिच्या एकटीच्या सांगण्यावरून आली. त्या दिवशी ती स्वयंपाक करताना विनाकारण हसत होती, आणि मला माझ्या कामाचा असा अभिमान वाटला की तसा पुन्हा कधी वाटला नाही.

मग ॲप वाढलं आणि साहेबांनी त्याचे भाग पाडले. बुकिंग वेगळं, गाडी वेगळी, हिशेब वेगळा, तक्रार वेगळी. प्रत्येक भागाची टीम वेगळी आणि भाषांतराची फाइलही वेगळी. कामाच्या सोयीचं होतं, नाही म्हणत नाही. पण नवं बटण आलं की टीम त्याचं इंग्रजी लिहायची आणि तेच इंग्रजी उचलून मराठीच्या फाइलमध्ये चिकटवायची. "नंतर करू." शब्द राहून गेलेत का हे तपासायला मी एक प्रोग्राम लावला होता, पण जागा भरलेली की रिकामी एवढंच त्या बिचाऱ्याला कळायचं. जागा इंग्रजीने भरलेली, म्हणून रोज सगळं हिरवं, म्हणजे काहीच राहिलेलं नाही. मी मेल पाठवले, मीटिंगमध्ये भांडले, स्वतः बसून शब्द घातले. पुढच्या बदलात ते पुसले जायचे. शेवटी हात टेकले.

"मॅडम, मराठीबद्दल एक तक्रार आलेली नाही," साहेब म्हणाले.

तक्रारीचं पान तोवर अख्खं इंग्रजी झालं होतं. मी तसं सांगितलं. सगळे हसले, साहेबही हसले, आणि पुढचा विषय निघाला.

उन्हाळ्यात एकदा आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बांधावर बसली. गाडी तिने सकाळीच बोलावली होती. पण बुकिंगच्या शेवटी आता शेजारी शेजारी दोन बटणं यायची, दोन्ही इंग्रजीत, एक बुकिंग पक्कं करणारं आणि दुसरं रद्द करणारं. नेहमीच्या जागेवर होतं ते तिने दाबलं. ते रद्दचं होतं. मी घरी आले तेव्हा ओल्या गोणपाटाखाली जुड्यांनी माना टाकल्या होत्या. तुझी चूक नाही गं, असं मी परोपरीने सांगितलं.

"मीच आडानी," ती म्हणाली. "तुझं ॲप लय चांगलं हाय."

हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. ते मला अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी काका आले. "वहिनी, अर्धं हे, अर्धं ते, कोन वाचंल? सगळं विंग्रजीच करतो. मी बघत जाईन तुमचं." त्यांनी फोनची भाषा बदलली आणि फोन तिच्या हातात दिला.

पुढे एका मीटिंगमध्ये साहेबांनी आलेख दाखवला. मराठी वापरणारे घटत चाललेत, इंग्रजीवाले वाढताहेत. त्या वाढलेल्या रेघेत माझी आई होती. घरोघरी कुणीतरी काका असणार, हे मी ओरडून सांगितलं. "असेलही," साहेब म्हणाले, "पण आकडे हे आहेत." मराठी काढायचं ठरलं. फायली मलाच माहीत, म्हणून काम मलाच दिलं. एकेका भागात जाऊन मी माझी मराठी पुसली. 'जुडी' पुसताना हात थांबला, मग तेही केलं. शेवटी तपासणीचा प्रोग्राम चालवला. मराठीसाठी जागाच उरली नव्हती, म्हणून सगळं हिरवं होतं.

घरी आईला सांगितलं. "आसू दे," ती म्हणाली.

"सकाळी निघायच्या आधी मी बुक करून देत जाते."

"आन् दुपारी गाडीची येळ बदलली, मंग? तू हापिसात. भाऊजींनाच इचारायला लागंल. मला सवय हाय."

सकाळी मी ऑफिसला जायला माझी गाडी बाहेर काढत होते. काका ओट्यावर चहा पीत बसले होते. आई फोन हातात घेऊन खाली उभी होती. ती त्यांचा चहा संपायची वाट बघत होती.