मिशीवाल्या हडळीचा साधा फोटो

यवतच्या पेठेत माझं शिवणकामाचं दुकान आणि शेखलालचा फोटो स्टुडिओ यांच्यात एकच भिंत. तीही इतकी पातळ, की तिकडं त्यानं गिऱ्हाइकाला "हनुवटी वर" म्हटलं की इकडं माप द्यायला उभा राहिलेला माणूस हनुवटी वर करायचा. हा शेजार मी तीस वर्षं काढला. तेव्हा शेखलालविषयी बोलायचा हक्क त्याच्या बायकोखालोखाल माझा, म्हणजे जालिंदर टेलरचा.

माणूस हाडाचा कारागीर आणि तितकाच हेकट. कुणाचा फोटो जसाच्या तसा द्यायचा तर त्याला कमीपणा वाटे. बारीक पेन्सिल आणि ब्रश घेऊन तो बसला की देवीचे व्रण बुजायचे, टक्कल भरून यायचं, सावळा माणूस उजळ निघायचा. स्टुडिओत एकच काळा कोट होता. तो मीच शिवलेला, आणि कुणालाही बसावा म्हणून पाठीत उभा उसवलेला. पाटील असो की हमाल, फोटोत सगळे त्याच कोटात. मेलेल्या माणसाचा फोटो करायचा असला तर शेखलाल कोटाच्या जुन्या फोटोवर नुसतं मुंडकं बसवायचा. आजही या पट्ट्यात कुणाच्या सोप्यात जाऊन बसा, भिंतीवरचा म्हातारा माझाच कोट घालून तुमच्याकडं बघत असेल. इतक्या लोकांच्या अंगावर चढलेला कोट पुण्याच्या टेलरनंसुद्धा शिवला नसेल.

पण शेखलालचे खरे फोटो वेगळेच होते. यवतपासून दोन कोसांवरच्या एका वाडीत नवरात्रातल्या अष्टमीला भुतांची सोंगं निघायची. वेताळ, मुंजा, हडळ, जबडा वासलेला वाघ. सोंगं निघायची दिवस बुडाल्यावर, पण शेखलालच्या कॅमेऱ्याला ऊन लागायचं. म्हणून दुपारी चारलाच सगळी भुतं रंगून शाळेच्या भिंतीपाशी घाम पुसत उभी राहायची. ते फोटो मी कितीदा तरी पाहिलेत. एकात वेताळ बशीतून चहा पितोय. मुंजाच्या मागं बाया बाजरीची कणसं खुडतायत आणि एकीचंही भुताकडं लक्ष नाही. वाघाची शेपटी शेळी चघळतेय. एका पावसाळी सालच्या फोटोत तर चार भुतं मिळून रुतलेली बैलगाडी ढकलतायत आणि गाडीवान त्यांच्यावरच खेकसतोय. कुणाला भुताची भीती वाटत असेल तर मांत्रिकाकडं नेऊ नये, हे फोटो दाखवावेत.

या सगळ्या फोटोंत एक गडी हटकून असायचा, तो म्हणजे पोपट. दर वर्षी सोंग वेगळं, माणूस तोच. हडळ झाला त्या साली मिशी काढायला साफ नाही म्हणाला. हडळीचे पाय उलटे असतात म्हणून चपला मात्र उलट्या घातल्या, आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाईस्तोवर तीनदा पडला. ती मिशीवाली हडळ शेखलालनं मोठी करून स्टुडिओच्या काचेत लावली होती. गिऱ्हाईक हसत हसतच आत यायचं.

पोपट शहाण्णव साली गेला. छातीत कळ आली आणि दौंडला दवाखान्यात न्यायच्या आत सगळं आटोपलं. पन्नाशीही गाठली नव्हती. पुढच्या भाद्रपदात, पितरांचा पंधरवडा तोंडावर आला असताना, त्याची बायको दगडाबाई आणि बारावीला असलेली मुलगी वैष्णवी स्टुडिओत आल्या. पहिला म्हाळ घालायचा होता. पितराच्या पानापुढं ठेवायला फोटो हवा होता, आणि पोपटाचा धड एक फोटो नव्हता. लग्नात फोटो काढायची त्यांच्यात तेव्हा रीत नव्हती. मतदानाच्या ओळखपत्रासाठी वाडीत कॅमेरावाले आले, त्या दिवशी हा गोऱ्हा विकायला बाजाराला गेलेला. शेखलाल म्हणाला, मी तर त्याला कितीतरी फोटो दिलेत.

"घरात भिंतीवर सात हाईत, मामा," दगडाबाई म्हणाली. "सातबी भुतं. पानापुढं हडळ कशी ठिवू? आन् आता डोळं मिटलं तरी ती हडळच दिसती. त्यांचं तोंडच याद येत न्हाई मला."

भिंतीअलीकडं माझं मशीन थांबलं. शेखलालनं म्हाळाच्या आत फोटो देतो म्हणून कबूल केलं. ती दारातून परत वळली आणि म्हणाली, कोट तेवढा घालू नका.

त्या गेल्यावर तो माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला. काजाचा दोरा उलगडून पुन्हा गुंडाळला. मग सांगायला लागला. दर वर्षी कोजागरीच्या आसपास पोपट त्याचा फोटो न्यायला यायचा. तोंड स्वच्छ, अंगात धुतलेला सदरा. आरशात बघून भांग पाडायचा आणि म्हणायचा, मामा, आता एक साधा काढा की.

"आन् मी म्हणायचो, तुझं साधं तोंड कोण बघणार, रीळ कशाला वाया घालवू? दर साली त्यानं इचारलं, जालिंदर. दर साली मी हसलो."

मी मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. कारण त्याचं ते बोलणं भिंतीअलीकडून ऐकून दर साली मीही हसलो होतो. त्याला ते कधी सांगितलं नाही, इथं सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवसापासून शेखलालनं स्टुडिओ अर्धा बंद ठेवला आणि पत्र्याच्या पेटीतून भुतं बाहेर काढली. प्रत्येक सोंगात पोपट थोडाथोडा उघडा राहिला होता. वेताळाचं तोंड काजळानं माखलेलं, पण कपाळ आणि केस त्याचेच. मुंजानं मान वळवलेली, म्हणून कान आणि गाल मिळाला. हडळीकडं मिशी होतीच, खाली ओठ आणि हनुवटीही. वाघाच्या मुखवट्यातून डोळे बघत होते. हे सगळे तुकडे एका मापात छापायचे, कापायचे, चिकटवायचे, सांधे ब्रशनं बुजवायचे आणि मग त्या जोडकामाचा नव्यानं फोटो काढायचा. ठिगळ लावणं हा खरा माझा धंदा. पण तोंडाला तोंडाचं ठिगळ लावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

घोडं अडलं नाकाशी. एकाही भुतात पोपटाचं नाक नव्हतं. कधी रंगाखाली, कधी मुखवट्याखाली, कधी केसांखाली. मी सुचवलं की नाक काय, कुणाचंही बसव. त्यावर त्यानं माझ्या नाकाकडं असं पाहिलं की मी गप्प कातरी उचलली. शेवटी वाडीला निरोप गेला आणि दगडाबाईचं उत्तर आलं, की वैष्णवीचं नाक बापावर गेलंय. पोरगी कॉलेज सुटल्यावर स्टुडिओत येऊन नाकाचा फोटो काढून गेली. ती सारखी हसायची आणि नाक हलायचं. त्या एका नाकापायी शेखलालचं अर्धं रीळ गेलं. पण या खेपेला तो रिळाबद्दल चकार शब्द बोलला नाही.

फोटो झाला, आणि काय झाला! कुठं सांधा दिसेल तर शपथ. पांढरा सदरा, नीट भांग, एखाद्या हेडमास्तरासारखा पोपट समोर बघत होता. म्हाळाच्या आदल्या दिवशी दोघी मायलेकी आल्या. दगडाबाईनं फोटो हातात घेतला, उजेडाकडं केला, जरा लांब धरून पाहिला. चांगला झालाय म्हणाली. वैष्णवी म्हणाली, नाक तर माझंच हाय. मग फोटो पिशवीत घालून त्या एसटीला निघून गेल्या. दगडाबाई ना रडली, ना हसली.

शेखलालच्या ते लक्षात आलं. फोटो बघून माणूस नुसतं 'चांगला झालाय' म्हणतो तेव्हा काय झालेलं असतं, हे कळायला त्याच्या गाठीला तीस वर्षांचा धंदा होता. त्याची बायको शहाबानो जेवणाचा डबा घेऊन आली, तरी तो खुर्चीत तसाच. काय झालं ते तिनं माझ्याकडून ऐकून घेतलं. मग स्टुडिओच्या भिंतीवरच्या एका फोटोकडं बोट केलं. तो तिचाच, लग्नाच्या सालचा. तिच्या गालावर ठसठशीत तीळ आहे, फोटोत तो नाही. नाक एका बाजूला झुकलंय, फोटोत ते सरळ.

"तीस वरसं झाली," ती म्हणाली. "ही बया कोण हाय, येवढं आज सांगून टाका."

मला हसू आलं, पण शेखलाल उठलाच. त्यानं वाघाची निगेटिव्ह काढून उजेडाला धरली आणि भिंगातून बघत राहिला. मग भिंग माझ्या हातात दिलं. मुखवट्याच्या भोकांतला पोपटाचा डावा डोळा उजव्याहून लहान होता. पापणी अर्धी उतरलेली, जणू पुढच्या क्षणी डोळा मारणार. शेखलालच्या हातानं नेहमीच्या सवयीनं तो उजव्याएवढा करून टाकला होता. हाताला विचारायची गरजही पडली नव्हती. गालातली एका बाजूची खळीही त्यानं खड्डा समजून बुजवली होती.

"बारीक डोळ्याचा व्हता रं त्यो," शेखलाल म्हणाला. "मी त्याला सायेब करून ठिवला."

पुन्हा सगळं मोडलं, पुन्हा जोडलं. डोळा होता तसा, खळी होती तिथं. एरवी माणसाची खोट झाकणारा हात त्या रात्री एकेक खोट शोधून जागेवर ठेवत होता, आणि मला माझा हा हट्टी शेजारी फार आवडला, हे कबूल करायला हरकत नाही. सकाळी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून तो निघाला. एकट्याला जायचा धीर नव्हता म्हणून मलाही एसटीत बसवलं.

वाडीत पोचलो तेव्हा दगडाबाई अंगणात चुलीपुढं बसून वडे थापत होती. दोन्ही हात पिठात, पदर खांद्यावरून घसरून कमरेला खोचलेला. कालचा फोटो आत पाटावर मांडलेला होता, त्याला हारही घातलेला. शेखलाल एवढंच म्हणाला, की माय, काल माझी चूक झाली, आज खरा आणलाय. हात भरलेले म्हणून त्यानंच कागद सोडवला आणि फोटो तिच्यासमोर धरला.

दगडाबाईनं वर पाहिलं. पिठाचा हात तसाच कमरेकडं गेला, खोचलेला पदर सुटला आणि डोक्यावर आला. पदराला पीठ लागलं, केसांना लागलं, तिला भान नव्हतं. चुलीवरचा वडा करपायला लागला तसा वैष्णवीनं येऊन काढला. दगडाबाई फोटोकडंच बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र चांगलाच चढला.

"आला व्हय तुमी? वरीस झालं, उद्या ठोकतो म्हनला व्हता ती दाराची कडी अजून तशीच लोंबतीया."